१. शिरूरची तैनाती फौज
पेशवा दुसरा बाजीराव ईस्ट इंडिया कंपनीचा ‘मित्र’ होता, तो कागदापुरताच. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) आलेल्या कंपनीच्या कायम तैनाती फौजेचा तळ घोडनदीकाठी शिरूरला पडला. शिवाय युद्धप्रसंगी पेशव्याने स्वतःचे १०,००० स्वार व ६,००० पायदळ द्यायचे होते. १८०३ च्या युद्धात इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीबरोबर बापू गोखल्यांसारखे काही सरदार गेले, पण पुण्याची मदत रडतखडतच. ऑगस्ट १८१७ मध्ये माहुलीच्या भेटीत इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनेच पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी सैन्य जमवा असे सुचवले. बाजीरावाला सैन्य जमवायला आयतेच निमित्त मिळाले. शिरूरची फौज गोदावरीकडे गुंतलेली असताना ५ नोव्हेंबरला ते सैन्य खडकीला इंग्रजांवरच चालून गेले. सेनापती होते तेच बापू गोखले.