कमरेला बांधलेला पैसा

हजच्या यात्रेत पुरुषाने नेसायचा इहराम म्हणजे न शिवलेल्या पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे, एक कमरेला आणि एक खांद्यावर. त्याला खिसा नसतो. अंगावर शिवलेलं वस्त्र नको, हा नियम पाळणाऱ्या पुरुष यात्रेकरूलाही पैशाचा पट्टा कमरेला बांधायची मुभा धर्मशास्त्राच्या जाणकारांनी फार पूर्वीपासून दिली आहे. माणूस सगळं सोडून निघाला तरी खर्चाचा पैसा सोबत लागतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं होतं.

परदेशात पैसा कसा न्यावा हा प्रश्न इतर शहरांत आता पर्यटकांचा झाला आहे. भिवंडीत तो आजही मुख्यतः हज आणि उमराला जाणाऱ्यांचा आहे. यंत्रमागावर मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या हिशेबाने. त्यातून थोडं थोडं बाजूला टाकायचं, भिशी लावायची, मुलींची लग्नं उरकायची, देणी फेडायची आणि मग नाव नोंदवायचं. असा पैसा परक्या गावात हरवला तर तो आयुष्यात दुसऱ्यांदा जमत नाही. म्हणून इथल्या माणसाला पैसा नेण्याची ‘उत्तम’ पद्धत म्हणजे सर्वांत स्वस्त पद्धत नव्हे. तिकडच्या दुकानदाराने डोळे मिटून घेतलेला आणि चोराच्या हाती न लागलेला पैसा, एवढीच त्याची व्याख्या. गेल्या काही शतकांत प्रत्येक नव्या साधनाने या दोन अटी पुऱ्या करायचा प्रयत्न केला, आणि बहुतेक वेळा त्याबदल्यात यात्रेकरूचं थोडं स्वातंत्र्य काढून घेतलं.

जुन्या काळी साधन फक्त नाणं नव्हतं, कापडही होतं. हजच्या काळात व्यापार करायला धर्माची आडकाठी नाही, त्यामुळे सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारे यात्रेकरू आपल्याबरोबर विकायला माल नेत. हिंदुस्थानी सुती कापडाला तिकडे गिऱ्हाईक तयार असे. वाटेत ते विकायचं, आलेल्या चांदीवर खर्च भागवायचा, उरलेली चांदी घरी आणायची. कल्याण आणि भिवंडी ही खाडीकाठची बंदरं, 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी घेतली तेव्हाही व्यापाराने भरलेली. तिथल्या कोकणी मुसलमान घराण्यांना समुद्र नवा नव्हता. श्रीमंत यात्रेकरूंची गोष्ट वेगळी. अकबराने 1576 मध्ये हजचा काफिला पाठवला तेव्हा त्याच्या प्रमुखाबरोबर वाटायला सहा लाख रुपये दिले होते. सामान्य माणसाचं धन मात्र गाठोड्यात बांधलेलं असे.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि मुंबई हे हजचं बंदर झालं. त्याच शतकात, 1857 नंतरच्या होरपळीत, उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. मालेगाव आणि भिवंडीत त्यांनी माग मांडले. मक्का-मदिनेच्या हिजाझ प्रांतातल्या बाजारात तेव्हा तुर्की सोन्याच्या लिऱ्या, ऑस्ट्रियाचे मारिया थेरेसा डॉलर आणि हिंदुस्थानी चांदीचा रुपया शेजारी शेजारी चालत. ज्याची व्यापाऱ्याशी ओळख होती तो मुंबईच्या पेढीवर रक्कम भरून तिकडे हुंडी वटवी. ज्याची नव्हती तो पट्ट्यात नाणी बांधी आणि मक्केतल्या सराफाने सांगितलेला भाव मान्य करी. चोरी, आजार किंवा वाढलेले भाव यांनी ज्याचा पट्टा रिकामा झाला, तो जेद्दाच्या किनाऱ्यावर अडकून पडे. अशा निराधारांची संख्या इतकी वाढली की इंग्रज सरकारने आधी 1886 मध्ये थॉमस कुक कंपनीला यात्रेची व्यवस्था पाहायला नेमलं, आणि विसाव्या शतकात परतीचं तिकीट किंवा तेवढी अनामत निघण्याआधीच घ्यायचा कायदा केला. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. परतीचं भाडं आधीच भरून घेणं म्हणजे खर्चातला सर्वांत मोठा आणि सर्वांत धोक्याचा हिस्सा माणसाच्या कमरेवरून काढून घेणं.

चांदीचं ओझं तरी उरलंच. सौदी राजवटीने 1935 मध्ये आपला रियाल हलका करून जवळजवळ हिंदुस्थानी रुपयाच्या वजनाचा केला, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शंभर रियाल एक किलोहून जास्त. एवढा धातू कमरेला बांधून तवाफ, म्हणजे काबेभोवतीची प्रदक्षिणा, कसा करायचा? सौदी चलन संस्थेने 1953 मध्ये यावर तोडगा काढला तो ‘यात्रेकरू पावत्यां’चा. दहा रियालची कागदी पावती, पाठीमागे तेवढी चांदी, आणि मजकूर उर्दूसह यात्रेकरूंच्या अनेक भाषांत. यात्रेकरूंसाठी म्हणून काढलेली ही सोय स्थानिक लोकांनाही इतकी आवडली की तीच देशाचं कागदी चलन होऊन बसली. रीतसर नोटा 1961 मध्ये आल्या. सौदी अरेबियाला कागदी पैशाची सवय लावली ती अशी हाजींनी.

आपल्याकडचा तोडगा 1959 चा. त्या वर्षी रिझर्व्ह बँक कायद्यात कलम 28ए घालण्यात आलं आणि भारताबाहेर वापरायच्या खास नोटा छापायची सोय झाली. कारण परकीय चलनाची भयंकर टंचाई. आखातात तेव्हा भारतीय रुपयाच चाले. तिकडून सोनं चोरून भारतात येई, त्याबदल्यात गेलेले रुपये तिकडच्या बँका रिझर्व्ह बँकेपुढे ठेवून पौंड मागत. यात्रेकरूने मक्केत खर्चलेली नोट आणि तस्कराची नोट एकसारखीच दिसे. मग आखातासाठी वेगळ्या आणि यात्रेकरूंसाठी वेगळ्या ‘हज नोटा’ निघाल्या. त्या दहाच्या आणि शंभरच्या. क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरं, दहाची निळी, शंभरची लाल. देशात त्या चालत नव्हत्या. पाकिस्तानने असाच प्रयोग 1950 मध्येच केला होता.

पैशाच्या इतिहासात सहसा नोटेवर राजाचं नाव असतं, प्रदेशाचं असतं. ही नोट एका प्रवासाची होती. रंग पाहताच कळे की धारक कुठे चालला आहे. यात्रेकरूला सुरक्षितता मिळाली, कारण सौदी सराफाला मागे रिझर्व्ह बँक उभी दिसत होती. पण त्या पैशाने त्याला दुसरं काहीच करता येत नव्हतं. पुढे आखाती देशांनी आपापली चलनं काढली, 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं, आणि भारताबाहेरच्या रुपयाचं हे युग सरलं. आज हज नोट जुन्या नोटांच्या संग्राहकांकडे मोठ्या किमतीला विकली जाते.

पुढची काही दशकं बोटीची होती, मग विमानाची. मुंबई-जेद्दा बोट 1995 मध्ये कायमची थांबली. हज कमिटीने यात्रेकरूच्या भरलेल्या रकमेतूनच निघताना प्रत्येकाला 2,100 रियाल रोख द्यायची पद्धत ठेवली होती. माझ्या मते ही सगळ्यांत माणुसकीची व्यवस्था. सराफ शोधायचा नाही, भावाची घासाघीस नाही, मालेगावच्या आणि भिवंडीच्या म्हाताऱ्याला तेवढेच जेवढे इतरांना. 2023 मध्ये ही सक्ती काढून टाकली गेली. आता ज्याने त्याने आपले रियाल घ्यायचे; स्टेट बँकेमार्फत रोख किंवा फॉरेक्स कार्ड मिळायची सोय झाली. शिकलेल्या तरुणाला हे सोपं, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या बाईला नाही.

त्यामुळे आजच्या यात्रेकरूने काय करावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठा हिस्सा फॉरेक्स कार्डावर टाकावा. कार्ड भरलं त्या दिवशीचा भाव पक्का होतो. रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 या दराने बांधलेला असल्याने चढउतार असतो तो रुपयाचा. कार्ड हरवलं तर फोन करून बंद करता येतं, जे पट्ट्याबाबत कधीच शक्य नव्हतं. नवरा-बायको जात असतील तर दोघांची कार्डं वेगळी असावीत, कारण मक्केजवळच्या मीनाच्या गर्दीत ताटातूट होते तेव्हा जिच्याकडे पैसा नसतो तिचे हाल होतात. तिकडच्या मशीनने रुपयांत पैसे द्यायचे का असं विचारलं तर रियालच निवडावेत. आणि काही रक्कम पाच, दहा, पन्नासच्या नोटांत ठेवावीच. डोकं भादरणारा न्हावी, चाकाची खुर्ची ढकलणारा माणूस, फळांचा रस विकणारा, यांच्यापुढे कार्ड काढण्यात अर्थ नाही.

रिझर्व्ह बँकेनेही रोखीची ही गरज ओळखली आहे. बहुतेक देशांत जाणाऱ्या इतर प्रवाशाला एका खेपेस 3,000 डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन मिळतं. हज आणि उमराच्या यात्रेकरूला मात्र आपली सगळी मंजूर रक्कम, किंवा हज कमिटीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंतची, रोखीत घेता येते. रोख घेताना ती परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडूनच घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. गल्लीतला कुणी दोन पैसे चांगला भाव देतो म्हणून हवालाच्या वाटेला जाऊ नये. परत आल्यावर 2,000 डॉलरच्या मोलापर्यंतचे रियाल घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर 180 दिवसांच्या आत बँकेला किंवा चलन विक्रेत्याला परत द्यावे लागतात, आणि त्या वेळीही पावती कामी येते.