सोन्याला आकार कोण देतो?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक शाळांत प्रयोगाची साधने मोजकीच असतात. पण पावसाळा सोडला तर ऊन हवे तेवढे मिळते. या उन्हात वर्गापुढे करून दाखवता येण्याजोगा एक जुना प्रयोग आहे. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे काही थेंब टाकले की दह्यासारखा पांढरा साका तयार होतो. तो गाळणकागदावर पसरावा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकावा आणि उन्हात ठेवावा. थोड्याच वेळात उघडा भाग जांभळट-करडा होतो, झाकलेला पांढराच राहतो. प्रकाशामुळे क्लोराइड आयनाकडचा इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचे सूक्ष्म कण मोकळे होतात. (सिल्व्हर नायट्रेटने त्वचेवर काळे डाग पडतात व डोळ्यांना इजा होते, म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावे.)

प्रकाशाच्या साहाय्याने क्षारातून धातू वेगळा करण्याच्या या क्रियेला मोठा इतिहास आहे. एलिझाबेथ फुल्हेम या ब्रिटिश संशोधिकेला सोन्या-चांदीच्या क्षारांपासून कापडावर धातूचा मुलामा चढवायचा होता. सोन्याच्या क्षारात भिजवलेल्या रेशमावर प्रकाश पाडूनही धातू मिळतो, मात्र त्यासाठी ओलावा लागतो, असे तिने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले. १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटर याने वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे सिल्व्हर क्लोराइड ठेवले. ते तेथे अधिकच झपाट्याने काळवंडले. म्हणजे अतिनील किरणांचा शोधच मुळी धातूच्या क्षारामुळे लागला!

प्रकाशाने धातू मिळतो हे कळले. पण मिळणाऱ्या कणांचा आकार हाती नव्हता. मायकेल फॅरडे याने १८५७ मध्ये सोन्याची माणकासारखी लाल द्रावणे रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यातील सोने फॉस्फरसच्या साहाय्याने वेगळे केलेले होते. सोने तेच, पण कण अतिसूक्ष्म झाले की रंग बदलतो, हे त्याने ओळखले. पुढे १९१२ मध्ये रिचर्ड गान्स या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने कणांच्या आकाराचाही रंगावर परिणाम होतो, हे गणिताने दाखवले. कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर मागेपुढे हेलकावतात. गोल कण सर्व दिशांनी सारखाच असतो, म्हणून हेलकाव्याचा एकच प्रकार संभवतो. तो सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतो आणि द्रावण लाल दिसते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) सळीत मात्र आडवा आणि लांबीच्या दिशेचा असे दोन हेलकावे असतात. सळी जाडीच्या मानाने जितकी लांब, तितके दुसऱ्याचे शोषण तांबड्या आणि पुढे अवरक्त प्रकाशाकडे सरकते.

गणित तयार होते. पण मोजूनमापून सळ्या बनवण्याची रीत सापडायला आणखी आठ दशके जावी लागली. १९९५ मध्ये जपानमध्ये कुनिओ एसुमी व सहकाऱ्यांनी साबणाच्या जातीच्या एका पदार्थाच्या द्रावणात सोन्याचा क्षार घेऊन त्यावर अतिनील किरण सोडले. या पदार्थाचे रेणू पाण्यात लांबट पुंजके करतात. त्यांचा साच्यासारखा उपयोग करून सळीसारखे कण मिळवले गेले. २००२ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे फ्रँकलिन किम, जे ही साँग आणि पैदाँग यांग यांनी याच जातीच्या द्रावणात थोडे अ‍ॅसिटोन आणि किंचित सिल्व्हर नायट्रेट घातले व ते २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली सुमारे ३० तास ठेवले. अतिनील किरण शोषून अ‍ॅसिटोनपासून अतिशय क्रियाशील मूलक तयार होतात. ते सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात आणि सोने वेगळे होते.

मग सळीचा आकार किरणांनी दिला का? या संशोधकांनी चांदीचे प्रमाण बदलून पाहिले. चांदी नसताना गोल कण मिळाले. चांदी वाढवत नेली तशा सळ्या लांब होत गेल्या. दिवा तोच, सोने तेच, बदलली ती फक्त चांदी! चांदी कणाच्या काही बाजूंवर बसून तिथली वाढ रोखते, असा एक विचार आहे. नेमक्या यंत्रणेवर मात्र अजून चर्चा चालू आहे. त्याआधीच, २००१ मध्ये, निखिल जाना, लॅथा गिअरहार्ट आणि कॅथरीन मर्फी यांनी सोन्याच्या बारीक कणांना बीजासारखे वापरून अतिनील दिव्याविनाच सळ्या वाढवल्या होत्या. इलेक्ट्रॉन देण्याचे काम तिथे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने, म्हणजे क जीवनसत्त्वाने, केले.

आपल्या पुण्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाच्या पानांचा अर्क मिसळला आणि सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवले. हे काम २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. इलेक्ट्रॉन देणारे बदलले, सोबतचे रेणू बदलले, आणि सळीऐवजी त्रिकोण आला.

अतिनील दिव्याचा प्रयोग शाळेत करू नये. २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना व त्वचेला घातक असतात. मुरबाडच्या कडक उन्हातही ते नसतात, कारण वातावरणातील ओझोन ते वरच अडवतो. साधी काचही त्यांना आरपार जाऊ देत नाही, म्हणून तिथे क्वार्ट्‌झचे भांडे लागते. पण या संशोधनामागील विचार वर्गात पुरेपूर आणता येतो. सिल्व्हर क्लोराइडच्या प्रयोगात काळ्या कागदाखालचा पांढरा भाग नसता, तर साका उन्हाने काळवंडला की नुसत्या हवेने, हे कसे ठरवले असते? बर्कलेच्या प्रयोगातील चांदी नसलेले द्रावण म्हणजे तोच झाकलेला अर्धा भाग होय. विद्यार्थ्यांनी रंगबदल पाहून थांबू नये. आपण नेमके काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हे आधी वहीत लिहावे. श्रेय कोणाचे ते त्यानंतरच ठरते.