आधी डिस्क, मग विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले आणि घरोघरी नवी प्रणाली टाकून घ्यायची घाई सुरू झाली. यात एक समज फार पसरलेला दिसतो. संगणक अडखळतोय, डिस्क कुरकुरतेय, तर नवी विंडोज टाका म्हणजे सुधारेल! हा समज जुना आहे. वीस वर्षांपूर्वी आपण मराठी माणसांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

विंडोज ९८ ला मराठी येत नव्हतं. श्रीलिपी, आकृती यांसारखी सॉफ्टवेअर घेऊन आपण टाइप करायचो. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की मजकुराची चक्क बाराखडी विस्कटायची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण ती घरच्या संगणकावर पोचली विंडोज २००० आणि २००१ सालच्या एक्सपीमुळे. त्यातला 'मंगल' फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींचा. तेव्हा एक्सपी टाकणं ही आपल्यासाठी हौस नव्हती, नेटवर मराठी लिहायची ती वाट होती.

पण यंत्रं जुनीच होती. त्यात आपल्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) २००५ च्या सुमारास भारनियमन जोरात. वीज गेली की संगणक धाडकन बंद आणि पुन्हा सुरू केला की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क!

इथे शाळेतलं उदाहरण देतो. वहीची अनुक्रमणिका चुकणं वेगळं आणि पान फाटणं वेगळं. वीज गेल्यावर बहुधा अनुक्रमणिका बिघडते, ती स्कॅनडिस्क किंवा एक्सपीतली चेकडिस्क नीट करू शकते. पण डिस्कचा पृष्ठभागच खराब झाला, म्हणजे बॅड सेक्टर आला, तर ते पान कुणी सांधत नाही. 'इथे लिहू नका' अशी खूण तेवढी होते. आणि नवी प्रणाली टाकताना हजारो फायली डिस्कवर लिहिल्या जातात. आजाऱ्याला बरं करायचं म्हणून गड चढायला लावण्यातला हा प्रकार!

ओळखीच्या एका बाईंनी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या विंडोज ९८ वर टाइप करून ठेवल्या होत्या. २००६ साली डिस्क कुरकुरू लागली. दुरुस्तीवाल्याने आधी फॉरमॅट मारला आणि एक्सपी टाकून दिली. ओव्या गेल्या. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या, विचारणार कुणाला? सुदैवाने एका फ्लॉपीवर थोड्या ओव्या निघाल्या. त्या उघडल्या तर पडद्यावर नुसती इंग्रजी चिन्हं. जुना फॉन्ट मिळवून टाकला तेव्हा कुठे अक्षरं दिसली. म्हणजे नुकसान दोन वाटांनी होतं. एक डिस्क जाते, आणि दुसरं म्हणजे डिस्क धड असूनही लिपीची किल्ली हरवते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. डिस्क कुरकुरली की आधी हवं ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावं. दुरुस्तीची तपासणीसुद्धा त्यानंतरच, कारण सगळी डिस्क वाचण्याचा ताणही दुबळ्या डिस्कला सोसत नाही. उतरवलेल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. मग तपासणी, बॅड सेक्टर वाढत असतील तर नवी डिस्क, आणि सगळ्यात शेवटी नवी विंडोज.

असो. ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी आणि फ्लॉप्या पडून आहेत, त्यांनी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. विंडोज दर काही वर्षांनी नवी येतच राहील. ओव्या सांगणारी माणसं मात्र पुन्हा यायची नाहीत.