वलवणच्या पाण्याचा धडा
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

वलवणच्या धरणावर फिरायला आलेली माणसे पाणी पाहतात. ते जाते कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. पाऊस पडतो तो इंद्रायणीच्या खोऱ्यात. आपल्या वाटेने गेला असता तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळाला असता. टाटांच्या कंपनीने तो अडवला, घाटाकडे वळवला आणि पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला उतरवला. १९१५ साली तिथे वीज तयार होऊ लागली, तीवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी मात्र पाताळगंगेतून अरबी समुद्राकडे गेले. पावसाचा समुद्रच बदलला म्हणायचा!

हा धडा वर्गात घ्यायचा तर भिंतीवरचा नकाशा पुरत नाही. त्यावर वलवण सापडायचे नाही. पाठ्यपुस्तक साऱ्या राज्याचे, ते एकेका गावाला पान कुठून देणार? तेव्हा साधन शिक्षकानेच करायचे, आणि तेही पदरमोड न करता.

ही वाट आपल्याकडे संगणकाच्या आधीची आहे. मॉन्टेसरींची साधने महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून बालवाडी उभी केली. परिसरातले घ्यायचे, हाताने बदलायचे, मोडले तर दुसरे करायचे.

संगणक आला तेव्हा नेमके हेच हरवले होते. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांचा चिवडा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण साध्या संगणकांपर्यंत ती पोचायला २००० साल उजाडले. माझ्या मते मराठी शिक्षकाला मिळालेले सर्वांत मोठे फुकट साधन हेच. एकाने लिहिलेला धडा दुसऱ्याला उघडता, बदलता येऊ लागला.

पुढे साधने भराभर आली. २००५ साली गूगल अर्थ फुकट मिळू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे.

पण फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. फ्लॅशवर केलेले कितीतरी हलते-बोलते धडे फुकट होते. २०२० अखेर अडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि ते ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. दुसऱ्याच्या ओसरीवर भरवलेली शाळा ती. मालकाने दार लावले की संपले. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपचे तसे नाही. तो नकाशा श्रेय देऊन छापता येतो आणि त्यात आपल्या वाडीची विहीर आपणच भरू शकतो. कोसबाडच्या बियांशी त्याचे नाते जवळचे.

वलवणच्या धड्याला दोन्ही लागतील. गूगल अर्थवर कर्सर तळ्यावर नेला की उंची दिसते, मग खोपोलीवर न्यायचा. वजाबाकी मुलांनी करायची. घाटाची कडा तिरकी करून पाहिली की पाणी का धावते हे निराळे सांगावे लागत नाही. नंतर मुक्त नकाशाची काळी-पांढरी प्रत छापून पुठ्ठ्यावर चिकटवायची, कारण वर्गातली वीज जाऊ शकते, वलवणला असलो तरी. त्यावर पाण्याची वाट मुलांनी निळ्या खडूने काढावी. आधी पूर्वेकडची, मग पश्चिमेकडची.