आयप्लेअरमधील नक्कल-प्रतिबंध

बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेतील संरक्षक तंत्रे आणि ती निष्प्रभ करण्याचे प्रयत्न. २००७ मध्ये सेवा सुरू झाली, तेव्हा डाउनलोड केलेल्या कार्यक्रमांना मायक्रोसॉफ्टचे डीआरएम कुलूप असे व मुदत संपताच ते बाद होत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांना टीव्ही परवाना शुल्क भरूनही डाउनलोडची सोय नव्हती. त्यांची तक्रार रास्तच होती.

मार्च २००८ मध्ये आयफोनसाठी कुलूप नसलेल्या फाइली देण्यात आल्या. सर्व्हर केवळ ब्राउझरने सांगितलेली ओळख पाहत असे, म्हणून आपण आयफोन आहोत असे भासवणाऱ्या कोणत्याही संगणकाला फाइल मिळे. बीबीसीने ही वाट बंद केली. काही दिवसांतच दुसरी निघाली. कार्यक्रम उतरवून घेणारा ‘गेट आयप्लेअर’ हा मुक्तस्रोत प्रोग्राम याच काळातला.

फेब्रुवारी २०१० मध्ये फ्लॅश प्रवाहांना एसडब्ल्यूएफ पडताळणी लागू झाली. तीत सर्व्हर अधिकृत प्लेअरच्या फाइलचा आकार आणि तिच्यावरून काढलेला हॅश (फाइलचा गणिती ठसा) तपासत असे. परंतु ती फाइल प्रत्येक प्रेक्षकाच्या संगणकावर उतरतच असे, आणि हॅशही तिच्यावरूनच काढता येई. गुपित ठेवण्यासारखे त्यात काही उरत नसे. फ्लॅश प्रवाह उतरवून घेणारे आरटीएमपीडंप हे साधन नेमके हेच करी; फ्लॅशची मालक कंपनी ॲडोबीने २००९ मध्येच ते सोर्सफोर्जवरून हटवायला लावले होते.

हेच कार्यक्रम ब्रिटनमध्ये ॲंटेनावर कूटबद्ध न करता प्रसारित होत, तरीही तांत्रिक संरक्षण भेदणे तेथील कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येते.