गेट वे ऑफ इंडियाचा स्कॉटिश वास्तुकार आणि त्याच्या इमारतींचे उर्दू शब्द

आमच्या भाचीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं. एक वास्तुकार निवडायचा, त्याच्या इमारतींशी संबंधित इंग्रजी शब्द घ्यायचे आणि त्यांचे उर्दू अर्थ लिहायचे. पोरगी हुशार, तिने गेट वे ऑफ इंडिया बांधणारा जॉर्ज विटेट निवडला. अर्थ मात्र मोबाईलवरून उतरवले. व्हॉल्ट म्हणजे तिजोरी, कॅपिटल म्हणजे दारुल हुकूमत, ड्रम म्हणजे ढोल, स्टोरी म्हणजे कहाणी. वही तपासून परत आली तेव्हा अर्ध्याहून जास्त शब्दांवर लाल रेघ होती. तिची दादी मोमिनपुऱ्यातल्या जुन्या घरात वाढलेली. ती हसत म्हणाली, "बेटा, ये सब तो घर में ही था, मुझसे पूछ लेती."

अशी वेळ बऱ्याच घरांत येते. मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात, आईवडिलांची उर्दू बोलण्यापुरती, लिहिता येणारे फक्त दादा-दादी. म्हणून हे शब्द एकदा नीट पाहू.

आधी माणूस. जॉर्ज विटेटचा जन्म 1878 चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथॉल गावचा. 1904 साली तो हिंदुस्थानात आला आणि मुंबईत जॉन बेग या दुसऱ्या स्कॉटिश वास्तुकाराच्या हाताखाली लागला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याच्याच नकाशावर उभं राहिलं. गेट वे ऑफ इंडियाचा पायाचा दगड 31 मार्च 1911 रोजी बसवला, पण उद्घाटन व्हायला 4 डिसेंबर 1924 उजाडलं. मधली बरीच वर्षं समुद्रात भराव घालून पाया तयार करण्यात गेली. दोनच वर्षांनी, 1926 मध्ये, विटेट मुंबईतच वारला. त्याची कबर शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे.

आता शब्द. आर्किटेक्टला उर्दूत 'मेमार' म्हणतात. मूळ अरबी. 'इमारत', 'तामीर' आणि 'मेमार' हे तिन्ही एकाच धातूचे, आणि 'उम्र' हा शब्दसुद्धा त्याच घरातला. हे सगळे 'ऐन' अक्षराचे आहेत, अलिफने लिहिले की चूक. उर्दूत मेमार म्हणजे नकाशा काढणाराही आणि वीट रचणारा गवंडीही. विटेटसाठी शब्द बरोबरच आहे, पण आपल्या मोहल्ल्यातला मिस्त्रीही मेमारच, हे मुलांना जरूर सांगा.

डोम म्हणजे 'गुंबद', आणि मराठीतला 'घुमट' त्याचंच रूप. इथे हमखास चूक होते. उच्चार 'गुम्बद' असला तरी लिहिताना मीम नाही, नून येतो: गाफ, नून, बे, दाल. म्युझियमच्या मोठ्या घुमटासाठी विटेटने विजापूरच्या गोल घुमटाचा नमुना समोर ठेवला होता. गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशाहचा मकबरा. म्हणजे स्कॉटलंडच्या माणसाने दख्खनच्या मेमारांकडूनच धडा घेतला, आणि त्या मेमारांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. घुमटाखालचा जो गोल उभा भाग असतो त्याला इंग्रजीत ड्रम म्हणतात. तिथे ढोल लिहायचा नाही, घुमटाची 'गर्दन' म्हणा.

आर्चसाठी दोन शब्द. 'कमान' फारसी, अर्थ धनुष्य, आणि तो मराठीने जसाच्या तसा घेतला. दुसरा 'मेहराब'. आपण मेहराब म्हटलं की मशिदीत किब्ल्याच्या भिंतीतला कोनाडा डोळ्यांसमोर येतो, जिथे इमाम उभे राहतात. पण उर्दूत कोणत्याही कमानीला मेहराब चालतं. गेट वेची मधली मोठी कमान म्हणजे मेहराबच. त्याच्यासाठी विटेटने सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींचा अभ्यास केला होता. तिथल्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. 'जाली' हा शब्द मात्र उलट्या वाटेने गेला, संस्कृतातल्या जालावरून उर्दूत. शब्दांची वाट एकतर्फी नसते.

मिनार 'नूर'च्या धातूचा, उजेडाची जागा. कॉलम म्हणजे 'सुतून', आणि कॅपिटल म्हणजे सुतूनचा वरचा सिरा, राजधानी नव्हे. व्हॉल्टला 'लदाव की छत' म्हणतात. स्टोरी म्हणजे 'मंजिल', आणि आपला 'मजला' तिथूनच आला. कोर्ट म्हणजे इथे 'सहन', मशिदीत वुजूखान्याच्या पुढे असतो तसं मोकळं आंगण. मोबाईल त्याला अदालत करतो. प्लॅनला 'नक्शा' लिहा. मोबाईलने दिलेला 'मनसुबा' शब्दकोशात बरोबर असेल, पण मराठी घरात मनसुबा म्हटलं की कुणीतरी कट शिजवतोय असंच वाटतं. फाउंडेशन स्टोन म्हणजे 'संग-ए-बुनियाद', आणि याच 'संग'चा, म्हणजे दगडाचा, 'संगमरवर'.

गेट वेला अगदी उर्दू शब्द हवा असेल तर 'बाब' किंवा 'सदर दरवाजा'. पण इमारतीचं नाव भाषांतर करू नका, उर्दूतही 'गेट वे ऑफ इंडिया'च लिहावं. आपल्या नागपुरात महालमधल्या गांधी गेटला जुने लोक जुम्मा दरवाजा म्हणतात आणि जुम्मा तलावाचं शुक्रवारी तलाव झालं. जुम्मा म्हणजेच शुक्रवार, इथे तर नावाचं भाषांतर लोकांनीच करून टाकलं. शहर वसवणाऱ्या गोंड राजाचं नावही पाहा. बख्त बुलंद, फारसीत 'ज्याचं नशीब उंच'.

सगळ्यात अडचणीचा शब्द शेवटी ठेवला. विटेटच्या इमारतींच्या शैलीला पुस्तकांत 'इंडो-सारासेनिक' म्हणतात. 'सारासेन' हे नाव ग्रीक आणि रोमन लोकांनी वाळवंटातल्या अरबांना दिलं, पुढे सलीबी जंगांच्या काळात युरोपने सगळ्याच मुसलमानांना तेच चिकटवलं. मुसलमानांनी स्वतःला कधी सारासेन म्हटलं नाही. त्यामुळे उर्दूत त्याला घरचा शब्द नाही. काहीजण 'हिंद-इस्लामी' लिहितात, पण ते माझ्या मते चूक आहे. हिंद-इस्लामी म्हणजे कुतुबमिनार, गोल घुमट, ताजमहाल. इंडो-सारासेनिक म्हणजे इंग्रजांच्या काळात इंग्रज सरकारसाठी बांधलेल्या इमारती, ज्यांत गुंबद, जाली आणि छज्जा आपल्याकडचे, पण कामं म्युझियमची, कोर्टाची, कॉलेजची. दोन्ही एक केले तर आदिलशाही मेमार आणि विटेट यांच्यातला अडीचशे वर्षांचा फरकच पुसला जातो. मुलांनी 'इंडो-सारासेनिक' उर्दू अक्षरांत तसाच लिहावा आणि पुढे एक ओळ जोडावी: 'अंग्रेजी दौर का वह तर्ज-ए-तामीर जिसमें हिंदुस्तानी और इस्लामी नक्शे मिलाए गए.'

भाचीने यादी पुन्हा लिहिली, या वेळी दादीजवळ बसून. 'लदाव' हा शब्द दादीलाही बऱ्याच वर्षांनी आठवला, जुन्या घराच्या कोठडीचं छत तसंच होतं म्हणे. आता ते घर पाडून तिथे तीन मजली स्लॅब झाला आहे.