पदव्यांची आंतरराष्ट्रीय समकक्षता आणि भंडारा जिल्हा

पदव्यांची आंतरराष्ट्रीय समकक्षता म्हणजे एका देशातील विद्यापीठाने दिलेली पदवी दुसऱ्या देशातील पदवीच्या बरोबरीची मानण्याची व्यवस्था होय. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे तुमसर, साकोली किंवा पवनी येथील विद्यार्थी परदेशी शिकावयास निघाला, की त्याच्या पदवीची पारख नागपूरच्या गुणपत्रिकेवरून होते.

पूर्वेतिहास

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे. एका भारतीय विद्यापीठाची पदवी दुसऱ्याने मानावी, एवढ्यासाठीसुद्धा तेव्हा प्रयत्न करावे लागत. त्या हेतूने १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. सिलोनचे विद्यापीठही पुढे या मंडळात होते. १९७३ पासून ही संस्था भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखली जाते.

परदेशी विद्यापीठे मात्र प्रत्येक अर्जाचा स्वतंत्र निर्णय घेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (ज्यांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढविली) हे १९१३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. पदवीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१५ मध्ये त्यांनी तेथून एम. ए. केले. त्यामागे दोन देशांमधील कोणताही करार नव्हता.

बोलोन्या प्रक्रिया

या विषयातील सर्वांत मोठा सामुदायिक प्रयत्न युरोपात झाला. २५ मे १९९८ रोजी फ्रान्स, जर्मनी, इटली व ब्रिटन यांच्या मंत्र्यांनी सोरबॉन येथे जाहीरनामा काढला. १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे २९ देशांनी त्याचा विस्तार केला. (त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला.) पदवी, पदव्युत्तर व विद्यावाचस्पती असे तीन टप्पे, वर्षाला ६० श्रेयांक आणि पदवीसोबत तिचा अर्थ उलगडून सांगणारे पूरकपत्र ही या प्रक्रियेची मुख्य अंगे आहेत. हे पूरकपत्र दिसावयास साधे आहे, परंतु अनोळखी विद्यापीठातील अधिकाऱ्याला पदवीधर नेमके काय शिकला हे त्यावरूनच कळते. २०१० मध्ये युरोपीय उच्च शिक्षण क्षेत्राची औपचारिक घोषणा झाली. भारत या क्षेत्राचा सदस्य नाही.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्न

भंडाऱ्यातील विद्यार्थ्यांना खरी अडचण येते ती वर्षांच्या हिशेबात. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असल्याने तेथील अनेक विद्यापीठे भारतातील तीन वर्षांची बी. ए., बी. कॉम. किंवा बी. एस्सी. पदवी अपुरी मानत आली. बोलोन्या प्रक्रियेनंतर युरोपातील अनेक देशांतही तीन वर्षांची पदवी रूढ झाली. ती स्वीकारून भारतीय पदवी नाकारणे हे न्याय्य म्हणता येत नाही. काही मूल्यमापन संस्था आता महाविद्यालयाची नॅक श्रेणी पाहून तीन वर्षांची पदवी मान्य करतात. परिणामी, ग्रामीण महाविद्यालयाला मिळालेली श्रेणी त्याच्या विद्यार्थ्याबरोबर समुद्रापार जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची आणि श्रेयांक पेढीची तरतूद आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे अध्ययनाचे १,२०० तास धरले जातात. युरोपात ६० श्रेयांकांसाठी १,५०० ते १,८०० तास धरतात. म्हणून आपले १२० श्रेयांक व तेथील १८० श्रेयांक हे आकडे दिसावयास दूर असले, तरी दोन्ही तीन वर्षांचेच आहेत. गुणपत्रिकेवर हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर परकीय वाचकाचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

करार

भारताने फ्रान्सशी २०१८ मध्ये, ब्रिटनशी २१ जुलै २०२२ रोजी आणि ऑस्ट्रेलियाशी २ मार्च २०२३ रोजी शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेबाबत समझोते केले. ब्रिटनमधील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी भारतात मान्य होत नसे. परत आलेल्यांना प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना ती अडसर ठरे. २०२२ च्या समझोत्याने हा अडसर दूर केला. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, विधी व वास्तुशास्त्र या पदव्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत. अभियांत्रिकीसाठी वॉशिंग्टन करार आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. परंतु राष्ट्रीय मानांकन मंडळाने त्या पातळीवर मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांनाच त्याचा लाभ मिळतो. याची खात्री प्रवेश घेण्यापूर्वीच करावी लागते.

युनेस्कोचा जागतिक करार २०१९ मध्ये संमत होऊन ५ मार्च २०२३ पासून अमलात आला.

कार्यपद्धती

परदेशी पदवी घेऊन परतणाऱ्यांना पूर्वी भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र विनियम जारी केले असून अर्ज ऑनलाइन करावयाचा असतो. परदेशी जाणाऱ्यांना प्रतिलेख, म्हणजे ट्रान्सस्क्रिप्ट, विद्यापीठाकडून घ्यावा लागतो आणि मागणी असल्यास कागदपत्रांवर अपोस्टिल मुद्रा करवून घ्यावी लागते. हेग करारातील ही पद्धत भारतात २००५ पासून लागू आहे. अपोस्टिलने कागद खरा असल्याची खात्री पटते. पदवी समकक्ष आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.